गालफुगे श्वास घ्यायला शिकले

तर त्या मुलीने गालफुग्यांच्या नाकाला चिमटा लावला, इथपर्यंत आलो होतो आपण. काल नेमका तिथेच चहा आला आणि गोष्ट अर्धी राहिली. चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा नव्हे, पण त्याचाच भाऊबंद; टोकांना मऊ रबर लावलेला. कारखान्याच्या दवाखान्यात वर्षातून एकदा गॅसच्या ज्योतीवर काम करणाऱ्या सगळ्यांची छाती तपासत, आणि त्यासाठी बाहेरून एक मुलगी यंत्र घेऊन यायची. नाक बंद करायचं, छाती भरून घ्यायची, यंत्राची पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची आणि जीव खाऊन फुंकायचं. मग यंत्र आकडा दाखवतं.

"काका, जोर लावून फुंका हं," ती म्हणाली.

आता हे सांगितलं कुणाला, तर गालफुग्यांना! मागे रांगेत उभे असलेले सगळे फिस्सकन हसले. कारण गालफुग्यांनी अडतीस वर्षं फुंकण्याशिवाय दुसरं कामच केलं नव्हतं. ते काचेचे कारागीर. प्रयोगशाळेत लागतात ते चंबू, त्या नळ्या, नळीच्या पोटात वेटोळं घालून बसवलेली दुसरी नळी, असलं नाजूक सामान त्या कारखान्यात हाताने बनायचं. काचेची नळी दोन्ही हातांनी ज्योतीवर फिरवत राहायची, तिच्या एका टोकाला रबरी नळी जोडायची आणि त्या रबरी नळीचं दुसरं टोक आपल्या दातांत धरायचं. काच मऊ पडली की खाली बसायला बघते, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तशी, सगळी एकदम. त्याच क्षणी आतून इवलीशी फुंकर द्यायची. जास्त झाली तर फुगा, कमी पडली तर चपटी. गालफुग्यांनी बसवलेला सांधा भिंग लावून शोधला तरी सापडायचा नाही. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. काम करताना दोन्ही गाल टम्म फुगायचे म्हणून हे नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "या, गालफुगे साहेब!"

तर त्यांनी फुंकलं. चेहरा लालबुंद झाला, चष्मा घसरला. मुलीने यंत्राकडे बघितलं, पुन्हा फुंकायला लावलं, तिसऱ्यांदाही लावलं.

"अठ्ठावन्न," ती हळूच म्हणाली.

"वय छप्पन आहे माझं."

"वय नाही हो काका. तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या माणसाचा श्वास शंभर धरला, तर तुमचा अठ्ठावन्न. ज्योतीवर बसायला इथे सत्तर लागतात."

रांगेतलं हसणं तिथल्या तिथे थांबलं.

नियम साधा होता. सत्तरच्या खाली आलेल्या माणसाने तीन महिने ज्योतीपासून लांब राहायचं, मग पुन्हा फुंकायचं. तेव्हाही कमी पडला तर निवृत्त होईपर्यंत पॅकिंग. गालफुग्यांची चार वर्षं उरली होती. चार वर्षं दुसऱ्यांच्या हातची काच कागदात गुंडाळायची, या विचाराने त्यांना दम्यापेक्षा जास्त घुसमटायला झालं. आणि दमा काही नवा नव्हता. अडीच वर्षांपूर्वी तो आला, जिने चढताना छातीत शिट्ट्या वाजवू लागला, तेव्हा डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, आतली सूज आवरायला. दुसरा अडीअडचणीचा, दम लागला की घ्यायचा.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा बाक, ज्योतीकडे बघायच्या त्यांच्या नंबराच्या चष्म्यासकट, लांबूला मिळाला. लांबू म्हणजे शेजारच्या बाकावरचा उंच, चांगला, जरा धांदरट कारागीर. आणि गालफुगे गेले पॅकिंगमध्ये. तिथे मावशींचं राज्य.

"या मास्तर," मावशी म्हणाल्या. "इथे फुंकून नाही चालत बरं का. हाताने गुंडाळायचं."

गालफुग्यांनी पहिला नग उचलला, उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. "हा लांबूचा. बघा, सांध्यावर गाठ आलीय, गळ्यातल्या घाटीसारखी."

"मला तर गोंडस दिसतोय."

"गोंडस? अहो, यातून वाफ जायचीय, वाफ! ती इथे अडखळेल."

"वाफ अडखळली की बघू. तुम्ही कागद धरा. कोपरा आधी आत. आत हो! एवढ्या काचा वाकवल्यात, कागद वाकवता येत नाही?"

आठ दिवसांत मावशींनी नवा नियम काढला: नग उजेडात धरायचा नाही. एका नगाला सात मिनिटं लागत होती.

घरी वेगळाच दरबार. बायको वाचनालयात कामाला. दिवसभर पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारायची, त्यामुळे कोणती गोष्ट कधी परत यायला हवी हे तिला बरोबर कळायचं. तिने त्याच आठवड्यात त्यांना पंप देणाऱ्या त्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या तरुण बाई, चपळ, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करायच्या. त्यांनी कारखान्याचा कागद वाचला आणि कपाळाला आठी घातली.

"पंप घेता ना रोज?"

"घड्याळ लावून," बायको म्हणाली. "मी समोर असते."

"दाखवा बरं घेऊन."

गालफुग्यांनी दाखवला. डबी हलवली, श्वास पूर्ण सोडला, ओठांत धरली, दाबली, ओढलं, दहा आकडे मोजून सोडलं. हात काय, वेळ काय, शाळेतल्या कवायतीसारखं चोख. डॉक्टर म्हणाल्या, "छान." मग तोंड उघडायला लावलं, तर गालांच्या आतून पुन्हा पांढरे चट्टे. त्यावर लावायला थेंब लिहून दिले. असे थेंब तीनदा झाले होते.

"मी दोनदा डोस वाढवलाय," त्या म्हणाल्या. "तरी हा आकडा. आणखी वाढवायच्या आधी एक करा. या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर श्वासाचा वर्ग आहे. योग आणि श्वास. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी."

"मला श्वास शिकवणार?" गालफुगे म्हणाले. त्यांना खरंच अपमान वाटला. "डॉक्टर, माझा श्वास काचेत जातो आणि परदेशी जातो."

"जाऊ दे की. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर जा. आणि एक वाक्य पाठ करा. औषध चालूच राहणार; वर्ग त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. म्हणा."

"जोडीला. जागी नाही."

"अहो, हे मीही ऐकलंय हं," बायको म्हणाली.

वर्गाची खोली म्हणजे पूर्वीची मोडक्या खाटांची अडगळ. एका कोपऱ्यात चाकाची खुर्ची अजून उभी होती, खिडकीला दुधी काच, जमिनीवर सात निळ्या सतरंज्या. शिकवणाऱ्या बाई बारीक चणीच्या. तीस वर्षं छातीच्याच वॉर्डात नर्स होत्या. पाठ धरली म्हणून योग शिकायला गेल्या, आणि पाठ सुटली तरी योग सुटला नाही. सगळे त्यांना श्वासाच्या बाई म्हणत. आवाज मात्र असा की झोपलेला अख्खा वॉर्ड उठून बसावा.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना उताणं झोपवलं आणि प्रत्येकाच्या पोटावर औषधाची छोटी प्लास्टिकची वाटी ठेवली, अर्धी पाण्याने भरलेली. "आता श्वास घ्या. सावकाश. नाकाने."

चोहीकडून डुचमळण्याचा आवाज आला. शेजारच्या आजोबांची वाटी कलंडली, पलीकडच्या बाई "अगं बाई, ओलं झालं" म्हणत उठून बसल्या. गालफुग्यांनी मान उचलून आपली वाटी बघितली. आरसा! पाण्यावर एक सुरकुती नाही. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. वर्गात आपण पहिले आलो, आता बाई काय म्हणतात ते ऐकायचं, अशा थाटात पडून राहिले.

बाई आल्या, वाकल्या, पाहत राहिल्या.

"काका, तुमचं पाणी हललंच नाही."

"हलणारच नाही," गालफुगे डोळे न उघडता म्हणाले. "अडतीस वर्षांचा हात आहे."

"हात नाही हो, पोट. पोट हलायला हवं. हलण्यासाठीच ठेवलीय वाटी."

शेजारचे आजोबा ओल्या सदऱ्यातच इतके हसले की त्यांना खोकला लागला. गालफुग्यांनी डोळे उघडले. म्हणजे जो सांडतो तो पास, असला हा वर्ग! उरलेला तास त्यांनी पोट हलवायचा प्रयत्न केला. गाल हलले, भुवया हलल्या, एकदा डावा पाय हलला. पोट पाटासारखं सपाट.

असे दोन आठवडे गेले. तिसऱ्या मंगळवारी ते दोन जिने चढून आले आणि दारातच थांबले. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या चाकाच्या खुर्चीत बसवलं.

"अडीअडचणीचा पंप आणलाय? घ्या मग. माझ्यासमोर."

गालफुग्यांनी तो घेतला, तसाच चोख. पण बाई डॉक्टरांसारख्या हातांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर चेहऱ्यावर होती. नळी तोंडात गेली, गाल आत ओढले गेले, मग जरासे फुगले आणि तसेच घट्ट राहिले. आणि नाकपुड्या? त्या मात्र निवांत उघडमीट करत होत्या. बाईंनी आपलं बोट त्यांच्या नाकाखाली धरलं. बोटाला वारा लागला.

"काका," त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही श्वास रोखलाय ना?"

गालफुग्यांनी मान डोलावली. सहा, सात, आठ, बोटं मोजत होती.

"मग हा नाकातून कोण घेतोय?"

गालफुग्यांनी तोंडातलं सोडलं. "ते तर नाक आहे. नाकाचं काम नाक करतं. नळी तोंडात असली की तोंडाचं तोंड बघतं."

आता इथे जरा थांबून मागे जायला हवं. गालफुगे अठराव्या वर्षी कामाला लागले तेव्हा त्यांच्या उस्तादांनी पहिला धडा दिला तो हाच. नळी तोंडात आली की घसा बंद. गालात वारा साठवायचा, गालानेच फुंकर द्यायची आणि जगण्यापुरता श्वास नाकाने घेत राहायचा. छातीने फुंकलं तर हात हलतो, फुंकर धसमुसळी होते. आणि चुकून आत ओढलं तर ज्योतीचा तापलेला वारा थेट घशात. हा धडा पक्का व्हावा म्हणून उस्ताद अधूनमधून नळीच्या दुसऱ्या टोकाला खडूची पूड भरून ठेवत. ज्याने आत ओढलं तो दिवसभर पांढरं थुंकत हिंडायचा. गालफुगे आयुष्यात एकदाच पांढरं थुंकले. त्यानंतर त्यांच्या घशाने जी कडी लावली ती अडतीस वर्षं उघडली नाही. अशा माणसाच्या तोंडात तुम्ही औषधाची नळी दिलीत आणि म्हणालात, ओढा! त्यांनी ओढलं, अगदी इमानदारीने, पण गालापर्यंतच. घशाची कडी लागलेली. औषध गालात दहा आकडे बसून राहायचं, गालाच्या आत पांढरे चट्टे उठवायचं आणि आल्या वाटेने बाहेर पडायचं. आणि छाती? छाती नाकाने वर-खाली होत होती, म्हणून बघणाऱ्याला वाटायचं, वा, काय छान घेतात!

अडीच वर्षं. सकाळ-संध्याकाळ. घड्याळ लावून.

श्वासाच्या बाईंना हे सगळं एका क्षणात नाही कळलं, पण काम काय करता, कसं करता, हे विचारता विचारता कळत गेलं. आणि कळलं तसा त्यांचा हात कपाळावर गेला. मग त्यांनी गालफुग्यांचं नाक दोन बोटांत गच्च धरलं.

"आता घ्या. डॉक्टरांनी दोनदा घ्यायला सांगितलंय ना? हा दुसरा."

"नाग... नाग सोडा..."

"सोडत नाही. पोट फुगवा. पोटाने ओढा. पंधरा दिवस कशासाठी झोपवलं मी तुम्हाला?"

नाक बंद, गाल बंद, आता जीव जाईल कुठून? तो खाली गेला. पोट सदऱ्याखाली टुणकन उडालं आणि औषध पहिल्यांदा छातीत उतरलं. गालफुग्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पाच-दहा मिनिटांनी छातीतल्या शिट्ट्या एकेक करून गप्प झाल्या. ते खुर्चीत ताठ बसले आणि इकडेतिकडे बघू लागले, जणू खोलीत कुणी तरी जास्तीची खिडकी उघडली होती.

"हे असं असतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"औषध."

डॉक्टरांना हे समजलं तेव्हा त्यांचं पेनाचं टोपण उघडंच राहिलं. "मी हात बघितले हो, चेहरा नाही बघितला," त्या म्हणाल्या. "चूक माझी." मोठ्या मनाच्या बाई. त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला त्या पंप घ्यायला लावायच्या ते नाकाखाली बोट धरूनच. गालफुग्यांना त्यांनी पंपाला जोडायचा एक प्लास्टिकचा डबा दिला. औषध आधी डब्यात उडवायचं, मग त्यातून सावकाश श्वासाने घ्यायचं. गालफुग्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. कडा खडबडीत, जोड वाकडा. त्यांना राहवेना. त्यांनी लांबूला माप देऊन तसाच एक काचेचा बनवून घेतला, गळा असा, खांदा तसा, तीनदा परत पाठवून, आणि डॉक्टरांपुढे नेऊन ठेवला.

"सुंदर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण प्लास्टिकचाच वापरा. तो मापून तपासलेला आहे."

काचेचा डबा मग बायकोने वाचनालयाच्या टेबलावर नेला आणि त्यात पेनं ठेवली.

खरा अभ्यास इथून सुरू झाला. अडतीस वर्षांची कडी एका चिमटीने कायमची उघडत नसते. गालफुगे रोज सकाळी उताणे झोपायचे, पोटावर वाटी. बायको चहाचा कप घेऊन शेजारी बसायची आणि पंचासारखी ओरडायची, "गाल! गाल आले मध्ये! पुन्हा!" हळूहळू पाणी हलू लागलं. एका रविवारी वाटी सपशेल उलटली, तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग हात वर नेत श्वास घ्यायचा, खाली आणत सोडायचा. मग ओठांचा चंबू करून घेतल्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. आणि मग भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. ही त्यांना फारच आवडली. इतकी की पॅकिंगमध्ये कागद गुंडाळतानाही ते गुणगुणायचे.

"मास्तर, पंखा बिघडलाय का हो?" मावशींनी पहिल्या दिवशी वर बघत विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांना उमगलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच गुणगुणत होत्या, कारण म्हणे त्याने गुडघा दुखायचा राहतो. गुडघ्याचा आणि त्याचा काय संबंध, हे श्वासाच्या बाईंनाही सांगता आलं नाही.

दोन महिने झाले. डॉक्टरांनी छाती ऐकली, घरी फुंकून बघायच्या छोट्या यंत्राचे आकडे पाहिले आणि वाढवलेला डोस एक पायरी खाली आणला. गालातले चट्टे गेले. सगळं कसं रुळावर आलं. आणि रुळावर आलं की आमचे मेहुणे येतात.

आमचे म्हणजे गालफुग्यांचे. बायकोचा भाऊ. पंखे दुरुस्त करायचा, त्यामुळे वाऱ्याच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत.

"दाजी, चेहरा बघा केवढा खुललाय," तो म्हणाला. "हे सगळं श्वासाचं. आणि तरी तुम्ही अजून तो पंप ओढताय?"

"डॉक्टर म्हणतात, जोडीला."

"त्या म्हणणारच. तुमचं शरीर आता स्वतः काम करायला तयार आहे, आणि तुम्ही त्याला कुबडी देऊन ठेवलीय. मी सांगतो, पंप ठेवा कपाटात आणि पोट आत मारून भराभरा श्वास सोडा, पाचशे वेळा. पंधरा दिवसांत धावाल."

गालफुगे तसे शहाणे, पण स्तुती कुणाला आवडत नाही? आपण आपल्या श्वासाने बरे झालो, हे ऐकायला गोड होतं. फुंकर हीच तर त्यांची कमाई. त्यांनी रोजचा पंप बंद केला. कुणाला बोलले नाहीत; आता नीट घेतात म्हणून बायकोनेही पंपाच्या वेळी समोर उभं राहणं सोडलं होतं. पहिला दिवस उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही काही झालं नाही, म्हणून ते मनातल्या मनात मेहुण्याला हुशार म्हणाले. असं पहिल्यांदाच घडत होतं.

आठव्या दिवशी शुक्रवार. वर्गाच्या पहिल्या जिन्यावर पाय जड. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर ते कठड्याला धरून उभे राहिले आणि छातीतून जुनी ओळखीची शिट्टी आली. पोटाने ओढून पाहिलं, चंबूने सोडून पाहिलं, भुंगा केला. भुंग्याचीही शिट्टी झाली. खाली उतरावं की वर जावं, कळेना. तपासणीला तीन आठवडे उरले होते. तिथेच उभ्या उभ्या त्यांना पॅकिंगचं टेबल दिसलं, कागदांचा ढीग दिसला, चार वर्षं दिसली. अडीअडचणीचा पंप खिशात होता म्हणून बरं; तो घेतला, थांबले, मग वर पोचले.

श्वासाच्या बाईंनी फक्त एक विचारलं. "रोजचा बंद केला का?"

"मेहुणा म्हणाला..."

"मेहुणा छातीचा डॉक्टर आहे?"

"पंख्याचा."

"काका, नीट ऐका," बाई खाली बसत म्हणाल्या. त्यांचा वॉर्ड उठवणारा आवाज एकदम घरातला झाला. "तीस वर्षं मी औषधं दिली आणि दहा वर्षं श्वास शिकवतेय. श्वासाने तुम्ही घाबरत नाही, श्वास वाया घालवत नाही, औषधाला वाट करून देता. पण आतली सूज श्वासाने उतरत नाही. ती कमी असली की गप्प असते, म्हणून गेली असं वाटतं. आणि ते पाचशे वेळा भराभरा वगैरे तुम्ही करायचं नाही, छाती अशी असताना तर मुळीच नाही. आज मी तुम्हाला इथे काही करायला लावणार नाही. खाली डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा."

डॉक्टरांना सांगणं एक वेळ सोपं होतं. घरी बायको दारात उभी, हातात रोजचा पंप. त्याच्या मागे छोट्या खिडकीत उरलेल्या मात्रांचा आकडा असतो.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "गेल्या शुक्रवारी मी धूळ पुसताना वाचला, तेव्हाही चौऱ्याऐंशी. आठ दिवस ही डबी कुणी वाचायलाच घेतली नाही, असं दिसतंय."

"अगं, मी आत्ताच डॉक्टरांकडून..."

"कोण म्हणालं बंद करा? खरं सांगा."

गालफुग्यांनी सांगितलं. ती आत गेली आणि भावाला फोन लावला. काय बोलली ते ऐकू आलं नाही, फक्त शेवटचं आलं: "आणि आमचा स्वयंपाकघरातला पंखा अजून उलटा फिरतोय, आधी तो बघ!" मेहुणा दुसऱ्या दिवशी येऊन तो नीट करून गेला. दाजींच्या छातीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पुढचे तीन आठवडे गालफुगे दोन्ही गोष्टी करत राहिले. पंप डब्यातून, पोटाने. चूळ भरून झाली की वाटी पोटावर. मंगळवारी-शुक्रवारी दोन जिने. एकदा मध्ये थांबावं लागलं, मग नाही लागलं. शेवटच्या शुक्रवारी ते वर पोचले आणि शेजारच्या आजोबांना चढायला हात देण्यासाठी परत अर्धा जिना खाली आले. बाईंनी हे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. नजर लागू नये म्हणून नव्हे; बोलल्या असत्या तर गालफुग्यांनी आणखी दोनदा खाली-वर करून दाखवलं असतं म्हणून.

तपासणीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याबाहेर गर्दी. मावशी पॅकिंगच्या चौघींना घेऊन आलेल्या. लांबू मात्र आला नाही. तो बाकावर होता. तीच मुलगी, तेच यंत्र. तिने नाकाला चिमटा लावला. या वेळी तो लावून घेताना गालफुगे हसले.

"काका, जोर लावून..."

गालफुग्यांनी हात वर केला, म्हणजे कळलं. पोट भरलं, मग फासळ्या रुंदावल्या, मग खांदे. आणि सोडलं, छातीने, तळापासून, गाल मध्ये न आणता. मुलगी "आणखी, आणखी, आणखी" म्हणत राहिली आणि श्वास येतच राहिला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. शेवटी त्यांनी चिमटा स्वतःच काढला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आकडा बघायची हिंमत झाली नाही.

"शहात्तर," मुलगी म्हणाली.

बाहेर मावशींनी जे केलं त्याला गुणगुणणं म्हणता येणार नाही. अख्ख्या पॅकिंगने एकदम केलं ते.

मुलीने कारखान्याचा फॉर्म पुढे ओढला आणि भरायला घेतला. वय, उंची, आधीचा आकडा, आताचा आकडा, ज्योतीवर काम करण्यास योग्य. मग ती अडली. पेन तसंच धरून तिने वर बघितलं.

"काका, इथे 'सुधारणेचं कारण' असं आहे. आणि जागा एकाच शब्दाची आहे. औषध लिहू की योग?"

गालफुगे तोवर दारापर्यंत पोचले होते. ते वळले आणि म्हणाले, "अगं पोरी, नळी वाकवताना आम्ही खालून ज्योत देतो आणि आतून फुंकर. नुसती ज्योत दिली तर नळी चपटी होते, नुसती फुंकर मारली तर ती जागची हलत नाही, आणि नीट वाकली की कुणामुळे वाकली ते नळीलाही सांगता येत नाही. तुला एकच शब्द लिहायचा ना, मग 'दोन्ही' लिही. आणि जरा लवकर लिही बाई, तो लांबू तीन महिने माझा ज्योतीचा चष्मा घालून बसलाय, त्याला त्यातून दिसत नाही आणि तो कुणाला सांगत नाही!"